बाईंची पिवळी रेघ

मला नोकरी देण्याआधी बाई माझ्या गावी जाऊन आल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं लग्न ठरल्याची बातमी गावभर झाली.

यात गावाचा काही दोष नव्हता. नांदगाव खंडेश्वरपासून सहा किलोमीटर आत आमचं गाव. तिथं एखादं परकं माणूस येऊन 'अमक्याची पोरगी कशी आहे' असं विचारायला लागलं तर त्याचा अर्थ एकच होतो. बाई एस.टी.तून उतरल्या. स्टँडवरच्या चहावाल्याला त्यांनी माझ्याबद्दल विचारलं, पिठाच्या गिरणीवर अर्धा तास बसल्या, शाळेच्या शिपायाला गाठलं आणि शेवटी शिंप्याकडे जाऊन मी ब्लाउज न्यायला येते तेव्हा भांडते का, याची चौकशी केली. शिंपी हुशार. त्यानं सायकल काढली आणि आमच्या घरी येऊन आईला म्हणाला, "काकू, पोहे भिजवा. सासू मोठी कडक दिसते."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि डी.एड. करून घरी बसले होते. आईनं पोहे भिजवले, मला इस्त्रीची साडी नेसवली आणि चुलतकाकांना गिरणीवरून पाहुणीला घेऊन यायला पिटाळलं. आमच्या घरी यायचा बाईंचा विचारच नव्हता. आईबाप तर चांगलंच सांगणार, मग त्यांना विचारून काय उपयोग, असं त्यांचं मत होतं. पण काकांनी जवळजवळ ओढूनच आणलं. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि पाहते तो आठ दिवसांपूर्वी अमरावतीला जिनं माझी मुलाखत घेतली होती ती पाळणाघराची बाई आमच्या पलंगावर बसलेली. मी ट्रे तसाच त्यांच्यापुढे धरला. तेवढ्यात आईनं विषयाला हात घातला.

"मुलगा काय करते?"

"मुलगा?" बाई म्हणाल्या. "अठरा हायेत. चार तं अजून रांगतेतच."

काकांना ठसका लागला. खुलासा व्हायला पाच मिनिटं गेली, आणि तो झाल्यावर आई जरा रागावलीच. "नोकरीसाठी इतकं इचारतेत? सोयरिकीले तं लोक याच्या निम्मंही इचारत नाई."

"सोयरिकीत एकच पोट्टी जाते वो," बाई पोहे खात म्हणाल्या. "माह्याकडं अठरा लेकरं येतेत. थे बोलत नाई, सांगत नाई. मंग इचारा लागते."

नोकरी मला मिळाली. गिरणीवाल्यानं सांगितलं होतं की ही पोरगी नंबर लावून उभी राहते, मधात घुसत नाही. बाईंना तेवढं पुरलं. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, जुन्या पत्त्यांची यादी हे सगळं तर त्यांनी घेतलंच, पण गिरणीवाल्याचं वाक्य माझ्या फायलीत पहिल्या पानावर त्यांच्या हातानं लिहिलेलं होतं.

पाळणाघर बडनेरा रोडच्या आतल्या एका गल्लीत होतं. मुलं नर्सबाईंची, बँकेतल्या बायकांची, दोन मास्तरणींची. बाई तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. साडीवर पुरुषी फुलशर्ट घालायच्या, कापूस वेचायला जाताना आमच्याकडच्या बायका घालतात तसा. गावात त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण अमरावतीत पालक पहिल्या दिवशी जरा दचकायचे. बाईंचं म्हणणं, खिशाशिवाय बाईमाणसाची कामंच होत नाहीत. त्या खिशांत किल्ल्या, शिट्टी, थर्मामीटर, कोणाचं तरी चोखणं आणि बडीशेप असे. चोखण्याला बडीशेपेचा वास लागायचा. मुलांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

ओळखीच्या मोठ्या माणसांना बाई बहुधा अरे-तुरे करत आणि मुलांना 'साहेब' म्हणत. "या साहेब, शी झाली का? कोन धुवाव?" असं दिवसभर चालायचं. दीड वर्षाचे साहेब ढुंगण वर करून उभे राहायचे आणि बाई त्यांची अदबीनं सेवा करायच्या.

त्यांचं खरं वैर होतं ते दोन शब्दांशी. 'आपला माणूस.' आमच्या वऱ्हाडात या दोन शब्दांवर सगळं चालतं. गॅस मिळतो, रिझर्वेशन मिळतं, नोकरीही मिळते. तुम्ही कोण, काय, कुठून आलात हे कोणी विचारत नाही. तुम्ही कोणाचे आहात एवढं कळलं की बस. बाईंसमोर कोणी 'आपलाच माणूस हाय' म्हटलं की त्यांचा चेहरा फिरायचा. "आपला मानूस म्हंजे काय, माहीत हाय काय? ज्याची आजलोक कोनीच चौकशी केली नाई असा मानूस."

म्हणून त्यांनी ती रेघ मारली होती. व्हरांडा संपतो आणि मुलांची खोली सुरू होते तिथं, पिवळ्या ऑइलपेंटनं, हाताच्या पंजाएवढी रुंद. ज्याची पडताळणी झालेली नाही तो रेघेच्या आत येणार नाही. दर दिवाळीला बाई ती स्वतः पुन्हा रंगवायच्या. सिलेंडरवाला सिलेंडर रेघेपाशी ठेवायचा, पुढे बाई तो पायानं लोळवत न्यायच्या. एकदा मोरीतला नळ चार दिवस गळत होता. प्लंबरकडे प्लंबिंग सोडून बाकी कसलाच कागद नव्हता. शेवटी बाई रेघेच्या बाहेर त्याच्यासमोर बसून वायसर बदलायला शिकल्या आणि आत जाऊन नळ दुरुस्त करून आल्या. त्यानंतर तो नळ उलट्या बाजूनं बंद व्हायचा.

एका मुलाचे आजोबा निवृत्त प्राचार्य होते. एकदा वैशाखात, अमरावतीचं ऊन डोक्यात जातं अशा दुपारी, ते नातवाला न्यायला आले. न्यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं, पण आधार कार्ड घरी राहिलं होतं. "अहो, मी याचा सख्खा आजा आहे!" ते ओरडले. नातू आतून "आबा, आबा" करत होता. बाईंनी त्यांना स्टूल दिलं, पंखा दिला, कैरीचं पन्हं दिलं, दुसऱ्यांदाही दिलं. नातू दिला नाही. सून कार्डाचा फोटो पाठवेपर्यंत पाऊण तास गेला. जाताना प्राचार्य म्हणाले, "पन्हं छान होतं." पुढच्या वेळेपासून ते कार्ड गळ्यात घालून यायचे.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. घरी गेले की मी बाईंची नक्कल करायची आणि आई हसून हसून डोळे पुसायची.

मग नियम बदलला. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर यापुढे नुसत्या सेविकांचीच नाही, संचालकांचीही पोलीस पडताळणी लागेल, असं पत्र आलं. त्याच महिन्यात तपासणी होती. बाईंनी अर्ज भरला. जुने सगळे पत्ते टाकले, अकोल्याचाही टाकला. दहा दिवसांनी उत्तर आलं: अकोल्यात आपल्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे, न्यायालयाच्या निकालाची नक्कल जोडावी.

मी ते वाचलं आणि बाईंकडे पाहिलं. शोभाताई, म्हणजे आमच्यातल्या जुन्या सेविका, त्यांनीही पाहिलं. कसला गुन्हा, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. बाईंनी खिशातल्या किल्ल्या काढून शोभाताईंच्या हातात दिल्या, चपला घातल्या आणि रेघ ओलांडून बाहेर गेल्या. व्हरांड्यात लोखंडी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आता कागद येईपर्यंत मी इथंच."

आम्हाला वाटलं, तासाभरात राग उतरेल. दुसऱ्या दिवशी त्या सकाळी आठला आल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या. तिसऱ्या दिवशीही. निकालाची नक्कल मागायला एकदा अकोल्याला जाऊन आल्या, तो एक दिवस सोडला तर रोज. स्वतःच्या पाळणाघराबाहेर बसून त्या पाळणाघर चालवत होत्या. वरणात मीठ किती, कोणाची चड्डी ओली, कोण कोणाला चावलं, सगळं बाहेरून ओरडून. साहेब लोक रांगत रेघेपर्यंत यायचे आणि तिथं थांबून त्यांच्याकडे बघायचे.

एक आठ महिन्यांची मुलगी फक्त बाईंनी झोका दिला तरच झोपायची. दोन दुपारी तिनं घर डोक्यावर घेतलं. हात रेघेच्या आत घातला तर चालेल का, यावर बाईंनी बराच विचार केला आणि हात हाही माणसाचाच भाग आहे असं ठरवलं. मग शोभाताईंनी पाळण्याला लांब दोरी बांधली. तिचं टोक रेघेवरून व्हरांड्यात आलं. बाई बाहेर खुर्चीत बसून दोरी ओढायच्या आणि आत पोरगी झोपायची. "दोरीवर गुन्हा नाई," त्या म्हणाल्या.

तपासणीच्या मॅडम आल्या त्या दिवशी बाई अशाच दोरी ओढत बसल्या होत्या. मॅडम तरुण होत्या, घामाघूम झाल्या होत्या, सकाळपासून चार केंद्रं पाहून आल्या होत्या.

"संचालिका कुठे आहेत?"

"मीच. बसा."

"आत जाऊन बोलू ना."

"मले आत जाता येत नाई. पडताळणी बाकी हाय." मग जरा थांबून, "तुमची झाली काय?"

मॅडमनी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे तं तुमी कोन हाय याचं हाय. तुमी कशा हाय याचं?" मॅडमकडे ते नव्हतं. बाईंनी दुसरी खुर्ची मागवली. आणि अशा रीतीनं आमच्या केंद्राची संपूर्ण तपासणी व्हरांड्यातून झाली. मी फायली नेत होते, शोभाताई एकेका मुलाला उचलून रेघेपाशी दाखवत होत्या, मॅडम मान लांब करून खोलीच्या खिडक्या मोजत होत्या. शेवटी त्या शेरा लिहायला लागल्या आणि पेन तसंच धरून बसल्या. "बाकी सगळीकडे कागद पूर्ण आहेत," त्या मला हळूच म्हणाल्या, "आणि मला कोणी काही विचारलंही नाही. इथे कागद अपूर्ण आहे. काय लिहू?" त्यांनी काय लिहायचं ते लिहिलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात संचालिकेचं प्रमाणपत्र आलं नाही तर नोंदणी रद्द.

अकोल्याहून नक्कल येत नव्हती. आठ दिवस गेले. मला झोप लागेना. नोंदणी गेली तर अठरा मुलं कुठं जाणार, शोभाताई कुठं जाणार, आणि खरं सांगायचं तर मी कुठं जाणार? पुन्हा गावी, पुन्हा पोहे. माझ्या मामांची एका सेतू केंद्रवाल्याशी ओळख होती. बाईंची सगळी कागदपत्रं माझ्याच ताब्यात होती. सेतूवाला म्हणाला, नवा अर्ज टाकू, फक्त अकोल्याचा पत्ता टाकायचा नाही. अकोला नाही म्हणजे अकोल्याला कोणी विचारणार नाही. अर्ज गेला. पाच दिवसांत प्रमाणपत्र आलं. गुन्ह्यांची नोंद: निरंक.

मी ते घेऊन धावतच आले. रेघेच्या आत उभी राहून मी तो कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचला आणि परत माझ्याकडे दिला.

"ह्या कागदावरची बाई मी नोहो."

"बाई, नाव तर तुमचंच आहे."

"माह्यावर गुन्हा हाय. हिच्यावर नाई. कोनं केलं हे?"

"माझ्या मामांच्या ओळखीचा आहे एक," मी म्हणाले, आणि पुढचे शब्द माझ्या तोंडातून कसे गेले ते मला आजही कळत नाही. "आपलाच माणूस आहे."

त्यांनी दोरी सोडली. पाळणा थांबला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्या इतक्या हळू बोलायला लागल्या की मला वाकून ऐकावं लागलं.

"अकोल्याले मी एका बालवाडीत मदतनीस होती. चौकीदार पाह्यजे होता. म्या म्हटलं, माहा भाऊ हाय ना, आपलाच मानूस. कोनी काही इचारलं नाई. माह्या शब्दावर ठेवला त्याले. तो पेत होता, हे मले माहीत होतं. म्या सांगतलं नाई. एका दुपारी त्यानं खोलीले कुलूप लावलं न् निंघून गेला. आत एक पोट्टी झोपली होती. तीन वर्साची. मे महिना, वरतं टिनाचं छत."

"मग?" मी विचारलं.

"वाचली. म्या गोट्यानं कुलूप फोडलं. रडू रडू तिचा गळा बसला होता, नुसतं तोंड हालून राहिलं होतं. मंग म्या त्याले भर चौकात धरलं, न् त्याच कुलपानं मारलं. हात मोडला त्याचा. केस त्यानंच केली. कोर्टात म्या कबूल केलं. जजसाहेबानं समज देऊन सोडलं." त्यांनी चष्मा काढला. "मारल्याचं मले कधी काही वाटलं नाई. 'आपला मानूस' म्हटलं, त्याचं वाटते. आजही वाटते."

मी रडत होते. इतके दिवस मी ज्या गोष्टीची नक्कल करून घरी हशा पिकवत होते, ती काय होती हे मला तेव्हा कळलं आणि माझी मला लाज वाटली.

"इकडं ये," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, जवळ घेतील. मी रेघ ओलांडून त्यांच्यापाशी गेले.

"आता इथंच थांब. तुही पडताळणी रद्द."

आतून शोभाताईंचा आवाज आला, "अवो, कोनीतरी आतही राहा बाप्पा!"

तो खोटा कागद बाईंनी माझ्याकडून परत पाठवला, अर्जात पत्ता लपवला होता अशा कबुलीसह. ती कबुली मला माझ्या हातानं लिहावी लागली. निम्म्या मुलांच्या आयांना आठवडाभर सुट्टी घेऊन मुलं घरीच ठेवायला लावली. शोभाताई आणि स्वयंपाकीण आत, आम्ही दोघी बाहेर. बाई माझ्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. मुदत संपायला एक दिवस राहिला तेव्हा अकोल्याची नक्कल आली, ती जोडून त्यांनी तपासणीच्या मॅडमकडे दिली, आणि मॅडमनी आणखी दहा दिवस वाढवून दिले. खरं प्रमाणपत्र आलं त्यात गुन्हा होता, कलम होतं, समज दिल्याची नोंद होती. बाईंनी ते चौकटीत बसवून व्हरांड्यात टांगलं, पालकांना वाचता येईल अशा उंचीवर. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. निवृत्त प्राचार्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं, गळ्यातलं कार्ड नीट केलं आणि नातवाला रेघेपाशी सोडलं. नोंदणी राहिली.

बाई चपला काढून आत गेल्या. मी बाहेरच. त्याच खुर्चीत बसून आता मी दोरी ओढत होते.

आणि मग एक दिवस बाई पुन्हा माझ्या गावी गेल्या. मला न सांगता. या वेळी ना गिरणी, ना चहावाला. एस.टी.तून उतरल्या त्या सरळ आमच्या घरी. आईला वाटलं, या खेपेला तरी स्थळ असेल. तिनं पोह्यांबरोबर शिराही केला. पुढचं सगळं मला नंतर आईनंच सांगितलं. बाईंनी शिरा खाल्ला आणि मग मी काय केलं ते अथपासून इतिपर्यंत सांगून टाकलं.

"तुमची पोट्टी खोटं बोलते काय?" त्यांनी विचारलं.

आई विचार करून म्हणाली, "बोलते. लहानपनी भावानं दुधाचं गंज सांडवलं तं म्हने, म्या सांडवलं. मार खाये. सोतासाठी नाई बोलत, दुसऱ्यासाठी बोलते."

"हेच तं जास्त खतरनाक."

"मंग आता काय करता? घेता की नाई तिले?" आई म्हणाली. "तुमाले जमत नसन तं एखादं स्थळ तरी पाहा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी फाईल मागवली. गिरणीवाल्याच्या वाक्याखाली त्यांनी त्यांच्या मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली आणि मला वाचायला दिली. 'दुसऱ्यासाठी खोटं बोलते. नजर ठेवावी.' खाली सही केली. मग रेघेकडे हात केला आणि म्हणाल्या, "चाल, साहेबाचं ढुंगन धुवायचं हाय."

मी आत गेले. इतका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं आहे.

आता बाई मोर्शीकडे बहिणीच्या संत्र्याच्या मळ्यात राहतात आणि पाळणाघर मी चालवते. रेघ मी दर दिवाळीला रंगवते. तपासणीला नवीन मॅडम आल्या की माझी फाईल उघडतात, ती ओळ वाचतात आणि माझ्याकडे बघतात. "हे काढून टाका ना," म्हणतात. मी काढत नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला बाईंचा फोन येतो. तब्येत, पाऊस, संत्री यातलं काही नाही. सरळ कागद. अमकीचा केव्हा संपते, तमकीचा आला काय, तुहा कुठं हाय? मी सगळं सांगते. मागच्या वेळी मी त्यांना म्हटलं, "बाई, इतकी वर्षं झाली. आता तो शेरा खोडू का?"

"खोडजो ना," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर खोडजो. पन त्याच्या आंधी तुह्यावर नजर ठेवाले दुसरं कोनी पाहून ठेव."

तेव्हापासून मी शोधते आहे. तसं माणूस अजून सापडलेलं नाही. ओळखीचे पुष्कळ आहेत.